न्यायमूर्तींच्या टेबलावरचे घटिकापात्र

मित्रांनो, माझ्या बुडाला भोक आहे आणि मला त्याचा अभिमान आहे! तांब्याचे जुने घटिकापात्र म्हणतात ते मीच. पाण्याने भरलेल्या घंगाळात मला अलगद सोडले की भोकातून पाणी आत येते आणि बरोबर एका घटकेने, म्हणजे चोवीस मिनिटांनी, मी बुडते. राव असो की रंक, कुणासाठी मी लवकर बुडत नाही.

माझी पहिली नेमणूक वसईच्या एका वाडीतल्या सामाईक विहिरीवर झाली. घरे चार, रहाट एक. मी बुडाले की एकाच्या पाण्याची पाळी संपे आणि दुसऱ्याची सुरू होई. माझ्यावर लक्ष ठेवायला नरहरी नावाचा दहा वर्षांचा मुलगा बसे.

एका उन्हाळ्यात नरहरीच्या केळी सुकू लागल्या. शेजारच्या रामूची पाळी चालू होती आणि पुढची नरहरीच्या घरची होती, तेव्हा नरहरीने मला हळूच बोटाने दाबले. मी वेळेआधीच बुडाले. केवढी लाज वाटली मला! पण त्याची आई, कमळी, मागेच उभी होती. तिने आपली अख्खी पाळी रामूच्या पानवेलींना देऊन टाकली.

"बोटालापन वजन असतं, नरू," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पान्यावर ते नाय टाकायचं."

हाच नरू मुंबईला कायदा शिकला, ठाण्यात नावाजलेला वकील झाला आणि पुढे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश! आता त्यांना अहोजाहो करायला हवे. मला ते सोबत घेऊन गेले आणि न्यायालयात आपल्या टेबलावर ठेवले. जमीनदाराच्या बॅरिस्टरला तीन घटका, तर कुळाच्या वकिलालाही तीनच. बडे बॅरिस्टर गालातल्या गालात हसत, पण बोलताना एक डोळा माझ्यावर ठेवत.

एकदा सख्ख्या चुलत्याचाच दावा त्यांच्यापुढे आला. तो त्यांनी दुसऱ्या न्यायाधीशांकडे सोपवला. "इथे माझ्या बोटाला वजन आहे," एवढेच ते म्हणाले. भाऊबंद वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

ते गेल्यावर त्यांची तसबीर वसईच्या घरी भिंतीवर लागली आणि मी माळ्यावर गेले. शंभर वर्षे कुणी विचारले नाही. गेल्या दिवाळीत त्यांच्या घरातल्या सुनेला, विमलाला, मी सापडले. तिने मला घासूनपुसून लख्ख केले, पाणी भरले आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर गळतंय! डाग देऊन आणते."

भोक बुजले असते तर मी नुसती वाटी उरले असते! पण वसईच्या बाजारातल्या तांबटाने मला उजेडात धरले. "ताई, हे भोक मोजूनमापून पाडलंय. घटका बघायचं पात्र हाय हे. मी नाय बुजवणार."

घरी विमलाच्या सासूबाईंनी मला ओळखले आणि नातवंडांना घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नरूच्या बोटाची गोष्ट सांगितली. तेव्हापासून स्वरूप आणि भाविका यांच्यात मोबाइल माझ्या पाळीने फिरतो.

मित्रांनो, जुनी वस्तू बिघडलेली वाटली तर दुरुस्त करण्याआधी ती कशासाठी आहे ते कुणाला तरी विचारा. एवढीच माझी विनंती.

काल स्वरूपची पाळी होती. भाविकाने इकडेतिकडे पाहिले आणि बोट माझ्या काठापर्यंत आणले. मग भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहून तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मी माझ्या वेळेलाच बुडाले.