सात ओळींची यादी

डोळे गेल्यावर वर्षभराने ताई कामावर परतल्या, तेव्हा कचेरीतले सगळे इतके गोड बोलू लागले की त्यांना धडकीच भरली. साहेबांनी तेवढं सरळ सांगितलं. "एक वाजता जेवणाची सुट्टी होईपर्यंत एक सर्व्हर उभा करून दाखवा. जमलं तर जागा तुमचीच, नाही तर फोनवर बसा." फोनवर बसायचं म्हणजे दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून "थांबा हं, जोडून देते" म्हणायचं. पंधरा वर्षं सर्व्हर उभे करणाऱ्या बाईने खुर्ची पुढे ओढली.

शेजारी वादळ बसला होता. हे त्याचं कचेरीने ठेवलेलं नाव. दुसऱ्याने सावकाश टाइप केलेलं त्याला बघवत नसे, सरळ कीबोर्ड ओढून घ्यायचा.

ताईंनी कमांड दिली. क्लाउडवरच्या सगळ्या इमेजची, म्हणजे ज्यांच्यावरून सर्व्हर बनतो त्या आयत्या साच्यांची, यादी आली आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा कानातला आवाज ती वाचू लागला. विंडोज, उबुंटू, पुन्हा विंडोज. ताईंना हवा होता डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीमचा साचा. दोनशे ओळी त्यांनी नेटाने ऐकल्या. अजून सहाशे बाकी होत्या आणि बारा वाजून गेले होते. पूर्वी त्या यादी भराभर सरकवायच्या, हवी ती ओळ नजरेला आपोआप सापडायची. आता प्रत्येक ओळ ऐकावीच लागत होती.

शेजारची खुर्ची करकरली. हा आता कीबोर्ड ओढणार हे ओळखून ताईंनी हात मागे घेतले.

कीबोर्ड जागचा हलला नाही.

"ताई, सगळी यादी कशाला ऐकताय?" वादळ म्हणाला. "मागतानाच सांगा की, कुठली ऑपरेटिंग सिस्टीम हवी ते."

"तसं सांगता येतं?"

"येत असणार. कसं ते मला पाठ नाही. मदतीचं पान ऐका."

ताईंनी ऐकलं. फिल्टरचा पर्याय होता, आणि तो काही आज आलेला नव्हता. इतकी वर्षं डोळेच गाळायचं काम करत होते, म्हणून त्याची गरजच पडली नव्हती. कमांडच्या शेवटी त्यांनी डेबियन जोडलं, एक अक्षर चुकलं ते सुधारलं आणि एंटर दाबलं.

सातव्या ओळीनंतर आवाज थांबला.

पाचवा साचा हवा तोच होता. एकला दहा कमी असताना सर्व्हर उभा राहिला. साहेबांनी तपासला आणि म्हणाले, "दुपारी आणखी तीन लागतील."

ते गेल्यावर ताईंनी विचारलं, "तू हात कसा लावला नाहीस रे?"

"मांडीखाली दाबून बसलो होतो," वादळ म्हणाला. "दोन्ही."

ताईंनी चाचपडत त्याचा हात शोधला. तो खरंच चेपून गार पडला होता. वर्षभरात त्यांच्यासाठी पुष्कळांनी पुष्कळ केलं होतं. काही न करण्याचे कष्ट या एकट्याने घेतले होते.

"फार उपकार झाले तुझे," त्या म्हणाल्या आणि त्याचा हात चोळून देऊ लागल्या.