काढलेला चौकोन

"पाच दिवस तू लॅपटॉप उघडलाच नाहीस?" सुलक्षणाने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं. ती आमची मॅनेजर.

"घरचं काम होतं," शहनवाज म्हणाला.

घरचं! कुणाच्या घरचं, ते बोल की बाबा. पण तो बोलला नाही. एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आणि मी, कोंडाजीरावांची शिकली-सवरलेली लेक, पाण्याची बाटली उघडत बसले. तहान नव्हती.

शहनवाज पौडचा. रोज ये-जा नको म्हणून माण गावात आमच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहतो. जिथे आमची भाताची खाचरं होती तिथे आता खोल्या आहेत, मागे एक गोठा तेवढा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हट्टाने ठेवलाय. आई त्याला भाडेकरू म्हणत नाही, 'आमचा शहनवाज' म्हणते. आमची कंपनीही एकच. मी कायम, तो कंत्राटावर. या महिन्यात त्यालाही कायम करणार होते, फक्त तो बनवत असलेला सॉफ्टवेअरचा नवा भाग क्लायंटला दाखवायचा राहिला होता.

तो भाग पुसला गेला. मीच पुसला.

म्हणजे हाताने नाही. आमच्याकडे प्रत्येक डेव्हलपरला क्लाउडवर स्वतःचं एन्व्हायर्नमेंट मिळतं. सगळी हत्यारं मांडून ठेवलेलं कामाचं टेबलच समजा. पूर्वी ते लावून देण्यात माणसांचा जीव जायचा. मी ते सगळं एका नो-कोड टूलवर बसवलं. कोडची एक ओळ लिहायची नाही, पडद्यावर चौकोन ओढायचे आणि बाणांनी जोडायचे, की झाला कामाचा 'फ्लो' तयार. नवा माणूस आला की टेबल आपोआप मांडलं जातं, पाच दिवस कुणी हात लावला नाही की आपोआप उचललं जातं. उचलण्याआधी एक चौकोन होता. तो मालकाला मोबाइलवर विचारायचा, 'अजून लागतंय का?' आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा.

लोक उत्तरच द्यायचे नाहीत! ढिम्म. गाडी तिथेच अडायची. मोठ्या साहेबांसमोर डेमो होता, त्यात हे अडलं असतं तर माझी काय शोभा झाली असती! मी तो चौकोन काढून टाकला. डेमोपुरता, म्हटलं, मग लावू परत.

त्याच आठवड्यात आबा गोठ्यात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. आईची हाक ऐकून शहनवाज हातातलं काम अर्ध्यावर टाकून खाली धावला, आबांना उचलून गाडीत घातलं. मी ऑफिसात होते. आईचा फोन आला, "गौतमे, येतीस का गं?" मी म्हटलं, "आई, डेमो आहे माझा. शहनवाज आहे ना?"

होता. ऑपरेशनला होता, कागदांवर सह्या करायला होता, आबांना भांडं द्यायलाही तोच होता. मी संध्याकाळी सफरचंदं घेऊन जायचे, पाहुण्यासारखी.

माझा डेमो झकास झाला, टाळ्या पडल्या. चौकोन परत लावायचं कुणाच्या लक्षात राहतंय! पाच दिवस भरले आणि माझ्या गुणी फ्लोने शहनवाजचं टेबल अर्धवट कामासकट उचललं. परत आणायची सोय नव्हती, जागा वाचावी म्हणून मीच ठेवली नव्हती.

"मीच गाढव," तो म्हणाला होता. "काम कंपनीच्या मुख्य कोडमध्ये चढवून मग उठायला पाहिजे होतं."

मी "अरेरे" म्हटलं. अरेरे! जीभ कशी झडली नाही माझी.

क्लायंटपुढे मांडायला काहीच नव्हतं. म्हणून आजची ती सकाळची मीटिंग, तो प्रश्न, ती बाटली. शेवटी सुलक्षणा म्हणाली, शहनवाजचं कंत्राट महिनाअखेरीला संपतंय, ते पुढे वाढणार नाही. वर माझ्याकडे बघून, "सिस्टिमने आपलं काम चोख केलं."

संध्याकाळी घरी आले तर आई दारातच उभी. "शहनवाज खोली सोडतोय म्हनं. तुझ्या हापिसातली माणसं हायेत का कोण? पोरगं माझ्या नवऱ्यापाशी बसलं, आन् त्याचीच नोकरी घालवली? तू तितं काय करत हुतीस?"

"तुला कळत नाही त्यातलं," मी खेकसले तिच्यावर. तिला सगळं कळलं होतं, एवढं सोडून की ते मी केलं.

मग मात्र राहवेना. जिना चढून वर गेले. तो मॉनिटरची वायर गुंडाळत होता.

"शहनवाज, तो विचारायचा चौकोन..."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"एरवी मेसेज यायचा ना, 'अजून लागतंय का?' मी दर वेळी उत्तर द्यायचो. दवाखान्यात फोन हातातच होता माझ्या, आबांच्या गोळ्यांचे अलार्म लावलेले. मेसेज आलाच नाही. काम गेलेलं दिसलं तेव्हाच समजलं."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीस?" बघा, चिडले मीच!

"म्हटलं, तू बोलशील," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघितलं पण मी."

मला तोंड कुठे लपवू असं झालं. दवाखान्यातून घरी आणलेल्या आबांनी खालून हाक मारली, "शहनवाज! ती पांढरी गोळी आत्ता का जेवल्यावर रं?"

"आलो आबा," म्हणत तो माझ्या बाजूने खाली उतरला.

मीही उतरले. आबांच्या पलंगापाशी, आईसमोर उभी राहिले आणि सुलक्षणाला फोन लावला.

"शहनवाजचं काम माझ्या फ्लोने पुसलं. पुसण्याआधी विचारायचा चौकोन मी काढला होता. आणि ते पाच दिवस तो माझ्या वडिलांजवळ होता, माझ्या जागी."

आई माझ्याकडे बघतच राहिली.

"गौतमी, हे सकाळी का नाही सांगितलंस?" सुलक्षणा म्हणाली. "दुपारी मी त्याच्या जागी दुसऱ्याला घेतलं. नाव भरल्याबरोबर तुझ्या फ्लोने त्या नव्या माणसाचं एन्व्हायर्नमेंट मांडूनही दिलं."

फोन कानालाच राहिला माझ्या.

"काय म्हनतीया बाई?" आबांनी विचारलं. शहनवाजने त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे धरला.