प्रभातफेरीत घेतलेलं नाव

लातूरला एड्सचं दोन दिवसांचं शिबिर करून आले आणि माझा आवाज असा काही फुटला की बाबा म्हणाले, "धम्मप्रिये, तुला भोंग्याची गरजच न्हाई." तरी एक डिसेंबरला, एड्स दिनाच्या प्रभातफेरीत भोंगा मलाच मिळाला. नववीतली पोरगी पुढे, मागे अख्खी शाळा!

भूकंपानंतरच्या आमच्या वसाहतीत सातव्या गल्लीत पारूबाई मावशी राहायची. शाळेतल्या लहान पोरांची खिचडी तीच करायची. शिबिराच्या वेळी लातूरच्या सरकारी दवाखान्यात, एड्सच्या गोळ्यांच्या रांगेत, मी तिला बघितलं होतं. तिनं नुसतं बोट ओठावर ठेवलं. मला वाटलं, उगाच भिते बिचारी. आता मला सगळं येतंय की!

म्हणून तिच्याच दारात मी फेरी थांबवली.

"शिवल्यानं एड्स होत न्हाई! एका ताटात जेवल्यानं होत न्हाई! आता आपल्या पारूबाई मावशीलाच बघा. तिला हाय, तरी तिच्या हातची खिचडी पोरं रोज खातात. झालं का कुणाला काही?"

मला वाटलं, टाळ्या पडतील.

समोरच्या ओट्यावरून साखराबाई उतरली. तिचा नातू दुसरीत. "पारे, माझ्या लेकराला हे चारलंस व्हय गं!" तिनं झिंज्या धरून मावशीला घराबाहेर ओढलं. शेजारच्या नरसिंगकाकानं सरपणातलं लाकूड उचललं आणि तिच्या पाठीत घातलं. परत घातलं. मग दगड आले, आणि ते आमच्याच रांगेतून आले.

मी घुसले. भोंगा काकाच्या तोंडावर हाणला, त्याचा ओठ फाटला. एक दगड माझ्या कोपरावर बसला. "होत न्हाई! होत न्हाई!" मी किंचाळत होते, ऐकतंय कोण! शेवटी फेरीसोबत आलेले आमचे सर मावशीवर आडवे पडले, तेव्हा कुठे माणसं मागे सरली.

मावशीचं कपाळ फुटलं होतं. मी ओढणी पुढे केली. तिनं माझ्या थोबाडीत अशी लगावली की कानात शिट्टी वाजली.

"तू बोलून मोकळी झालीस. उद्या मला चुलीपुढं कोण बसू देणार?"

"मी सगळ्यांना परत समजावते, मावशी, मी..."

"अजून बोलणार हायेस?"

तिनं ओढणी हिसकली, कपाळाला दाबली, आत जाऊन कडी लावली.

मी उंबऱ्याबाहेर बसले. साखराबाई अजून ओट्यावरून शिव्या घालत होती. ती परत आलीच, तर आधी माझ्याशी गाठ होती.