पिवळ्या ओळींच्या मधली ओळ

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझ्या कोपऱ्याला तडा गेला आहे, पाठीला चिकटपट्टी लावली आहे आणि फार तापलो की मी मध्येच गोठतो. पण मला भंगार म्हणू नका. डहाणूच्या कोर्टात मी पुष्कळ पावसाळे काढले आहेत.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथले काही आठवत नाही. आठवते ते वकील सरलाताईंच्या हाती आल्यापासूनचे. त्याआधी ताई जाडजूड फायली काखेत मारून हिंडत. मी आलो आणि साक्षीदारांच्या जबान्या माझ्या पोटात गेल्या. महत्त्वाच्या ओळी ताई पेनने पिवळ्या करत, कडेला लाल टिपा लिहीत. माझ्यात एक बटण होते. ते दाबले की बाकीचा मजकूर लपे आणि फक्त पिवळ्या ओळी उरत. इतर वकील माना वळवून बघत, तेव्हा मला मूठभर मांस चढे!

कौतुक काही टिकले नाही. मी म्हातारा झालो आणि ताईंच्या पिशवीत जेवणाच्या डब्याला टेकून पडू लागलो. कोणी साधी काच पुसेना.

तशात हाल्याची केस आली. हाल्या सायवनचा, चिंचणीला बोटीवर मजुरी करणारा. जुलैतल्या एका संध्याकाळी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटीचे इंजिन चोरीला गेले आणि आळ त्याच्यावर आला. जामीन राहायला कोणी नाही, म्हणून तो तुरुंगातच होता. चोरी पाहिल्याचे सांगणारा साक्षीदार एकच, सुदर्शन. त्याची जबानी मागच्या तारखेला झाली होती. आज ताईंना त्याची उलटतपासणी घ्यायची होती. ती फसली तर हाल्याला शिक्षा होणार, हे बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोलाही कळत होते.

"बाय, तो घरा येल ना?" जिवलीने विचारले.

"बघू, जिवली. तू आधी पाणी पी," ताई म्हणाल्या.

हाल्याचे नाव असलेल्या ओळी तेवढ्या ताईंनी पिवळ्या केल्या होत्या आणि घाईगर्दीत त्या तेवढ्याच वाचत. मधली एक ओळ कोरी राहिली होती. ती माझ्या पोटात सारखी सलत होती. पण मला तोंड कुठे आहे?

पुकारा झाला. पंखा नुसताच गरगरत होता. ताईंनी बटण दाबले आणि मी गोठलो! समोर जबानीचे रंग नसलेले अख्खे पान अडकून बसले.

"मेल्या, आत्ताच?" ताई पुटपुटल्या.

"वकीलबाई, सुरू करा," न्यायाधीश म्हणाले.

इलाज नव्हता. ताई पानावर बोट ठेवून ओळीमागून ओळ वाचू लागल्या. एका ओळीवर बोट थांबले.

"सुदर्शनभाऊ, त्या संध्याकाळी तुम्ही किनाऱ्यावर कशाला बसला होता?"

"सांगितलं की मागच्या वेळी. बोंबील वाळत घातले होते, राखण करत होतो."

"तेव्हा गावच्या बोटी समुद्रात जात होत्या?"

"नाय. पावसाळ्याची बंदी ना बाई. सगळ्या वर ओढलेल्या."

"मग बंदीत बोंबील आणले कोणी? आणि भर पावसाळ्यात ते उघड्यावर सुकवले कसे?"

सुदर्शन सरकारी वकिलांच्या तोंडाकडे बघू लागला. माणूस खोटे रचतो, पण त्यात रोजच्या सवयीचेच घालतो. उन्हाळ्यात तो तिथे खरोखरच राखण करत बसे. ताई तर चिंचणीच्याच. जुलैत बोंबील वाळत नाहीत, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. तरीही ती ओळ त्यांनी कितीदा ओलांडली होती!

दुसरा पुरावा नव्हताच. हाल्या सुटला. जिवलीने ऑफिसात येऊन माझ्या फुटक्या काचेवरून हात फिरवला, तेव्हा मी शरमलो.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना जपा, पुसा, उन्हात टाकू नका. पण आमच्या बटणांवर विसंबून अर्धे वाचू नका. रंग न लावलेल्या ओळीतही कुणाचे तरी घर अडकलेले असते. लोक म्हणतात, टॅबने हाल्याला वाचवले. खरे तेवढेच सांगतो. त्या दिवशी मी नीट चाललो असतो, तर हाल्या आजही आत असता.