बाद झालेलं मत

राज्यसभेची सहावी जागा राजपालचीच, असं तेरखेड्यात सगळे धरून चालले होते. राजपाल बौद्धवस्तीतला. पस्तीस वर्षं पक्षाचं काम केलं, पण स्वतःसाठी कधी तिकीट मागितलं नाही. यंदा पक्षानंच त्याला उभं केलं. त्याला लहानाचं मोठं करणाऱ्या थोरल्या बहिणीच्या, मुक्ताबाईंच्या घरात दुपारपासून टीव्हीसमोर माणसं दाटली होती. फटाक्याच्या कारखान्यातल्या बायकाही काम आटपून आल्या होत्या.

मतं फक्त आमदारांची, मतदान मुंबईत. साडेसातला निकाल लागला. राजपाल थोडक्यात पडला. पाठोपाठ कळलं, की त्याच्याच पक्षाचं एक मत बाद झालं होतं. ते धरलं असतं तर तो निवडून आला असता. मतपत्रिका आपल्याच पक्षाच्या माणसाला दाखवायची असते. एका आमदारानं ती समोरच्या पक्षाच्या माणसालाही दाखवली होती. पडद्यावर त्या आमदाराचा फोटो आला. कृष्णराज. गावातल्या तुळजाबाईंचा मुलगा. त्याला तिकीट मिळावं म्हणून राजपालनंच वर शब्द टाकला होता, प्रचारालाही तोच फिरला होता.

मग शेजारचे ज्ञानोबा उठले. "चला, त्याच्या घरी जाऊन इचारू."

"त्या घरात म्हातारी एकटी हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "तुमी कुनाला इचारणार?"

माणसं थांबली, पण त्यांच्या तोंडाकडं बघून मुक्ताबाईंना भरवसा वाटेना. त्या चप्पल घालून निघाल्या. इतक्या वर्षांत त्या घराच्या ओट्यापुढं त्या कधी गेल्या नव्हत्या. आज थेट आत गेल्या.

तुळजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मुक्ताबाई, त्यानं मुद्दाम केलं का हो?"

"मला न्हाय म्हाईत."

"माझा फोन उचलंना."

"राजपालबी उचलंना."

मुक्ताबाई त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. थोड्या वेळानं चारसहा गडी दारापर्यंत आले, आत मुक्ताबाईंना बसलेलं बघितलं आणि मुकाट्यानं मागं फिरले.

तिसऱ्या दिवशी राजपाल येडशी स्टेशनवर उतरून घरी आला. जेवला, झोपला, निकालाबद्दल चकार शब्द काढला नाही. आठवडा उलटल्यावर कृष्णराज आला. खाली मान घालून समोर बसला.

"चुकून झालं का?" राजपालनं विचारलं.

कृष्णराजनं मान आणखी खाली घातली. राजपालनं वाट बघितली. मुक्ताबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात तशाच उभ्या राहिल्या.

"आईला भेटलास?"

"न्हाय, दादा."

"आधी तिकडं जा."

तो गेल्यावर मुक्ताबाईंनी हळूच विचारलं, "कळलं का तुला काय ते?"

"कळलं, अक्का," राजपाल म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा पक्षाच्या कामाला लागला. कृष्णराजच्या प्रचाराला मात्र परत कधी गेला नाही, आणि का गेला नाही, हे त्यानं गावात कुणाला सांगितलं नाही.