मेलेल्या गाईचा होकार

गोठ्यामागे माणसांचं कडं पडलं होतं. मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून माना लांब करत होते. मधोमध गाय मरून पडली होती, पोट टम्म फुगलेलं. त्या पोटाला पाय टेकून बोलका बाबा उभा होता.

"बोल माते! तुझी चिरफाड करायची?"

गाय गप्प.

"अखंड पुरायचं?"

"हूंऽऽ," मेलेली गाय घुमली. गर्दीच्या अंगावर काटा आला.

"तुझी कालवड माझ्या स्वाधीन करायची?"

"हूंऽऽ."

मालकीण म्हातारी कालवडीचं दावं सोडायला वळलीसुद्धा.

जनावरांची डॉक्टरीण मागे उभं राहून हे बघत होती. साथ सुरू झाल्यापासून तिला रोगापेक्षा बाबालोकांचाच जास्त वीट आला होता. साथीत मेलेल्या जनावराची सरकार भरपाई देत होतं; पण जनावर उघडून तपासलं आणि आत तोच रोग निघाला, तरच. गाय अखंड पुरली की भरपाईही तिच्यासोबत मातीत.

"मावशी, थांबा. गाय उघडल्याशिवाय भरपाई मिळायची नाही. गायही जाईल, कालवडही जाईल. मग खाणार काय?"

"बाई, तीच नको म्हणते ना! तिच्या मनाविरुद्ध कशी चिरू?"

"सरकारची भरपाई येईल तेव्हा येईल," बाबा गरजला. "माझी कृपा रोख आहे!"

"असू दे. बाबा, जरा चार पावलं मागं सरकून विचारा की."

"का म्हणून?"

"तिला ऐकू येतं ना? मग लांबून विचारलं म्हणून काय झालं?"

लोक हसले. बाबाला सरकावं लागलं. त्यानं विचारलं, ओरडून विचारलं. माश्या तेवढ्या घोंगावल्या.

"रुसली ती! अविश्वासू माणूस आलं की रुसते!"

डॉक्टरीण पुढं झाली. आपला रबरी बूट तिनं गाईच्या पोटावर ठेवला. "काय गं, हा बाबा लबाड आहे का?"

"हूंऽऽ."

एकच हशा पिकला. तेवढ्यात दूधवाला हात जोडून पुढं आला. "बाईंच्या अंगातही शक्ती आहे! बाई, माझी म्हैस कधी गाभण राहील, तेवढं विचारा ना!"

डॉक्टरिणीनं डोळे मिटून घेतले.

"अरे, शक्ती नाही, हवा आहे. मेल्यावर पोटात वायू धरतो. पोट दाबलं की फुप्फुसातली हवा वर सरते आणि गळा वाजतो. हो हवं असलं की बाबा पाय दाबतो, नको असलं की ढिला सोडतो. मावशी, तुम्हीच दाबून बघा."

"पाय नाही लावायची मी तिला." म्हातारी खाली बसली. दोन्ही तळवे पोटावर ठेवून तिनं जोर दिला. विचारलं काहीच नाही. गाय घुमली. तिनं हात काढले, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

तिनं पदर डोळ्यांना लावला. "मला वाटलं, बोलतेच आहे." मग नाक पुसून म्हणाली, "उघडा, बाई. आणि कालवडीला आजच सुई टोचा."

बाबा एव्हाना वाटेला लागला होता. पुढच्या गावातही जनावरं मरत होती. डॉक्टरिणीला उद्या तिथंही हेच सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं.

तिनं सांगितलं तेच इथं लिहितो. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी तो आपल्या हातानं करून बघा. जमला, तर तो चमत्कार नव्हता. नाही जमला, तर कसा केला ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत दारचं जनावर कुणाच्या हवाली करू नका.