मोजणीत एक कमी

महापालिकेची युवा केंद्रं तपासणाऱ्या बाईंना त्या केंद्रावर खरं तर जायचंच नव्हतं. तो भाग त्यांच्या सहकाऱ्याकडे होता. पण त्याची पाठ धरली, तो रजेवर गेला आणि साहेबांनी त्याची यादी बाईंच्या टेबलावर सरकवली. तिसरं नाव वाचताना त्या थबकल्या. थोरल्या बहिणीची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, तिथेच टेबल टेनिस खेळायला जायची. नियमाप्रमाणे नातं कार्यालयात कळवायला हवं होतं. एका दुपारचा तर प्रश्न, असं म्हणून त्यांनी यादी पर्समध्ये टाकली.

ताई त्या केंद्राचे गोडवे गाऊन थकत नसे. "अगं, सहा महिन्यांत पोरगी ओळखू येत नाही. एक उलट शब्द नाही. दादांनी काय जादू केली कोण जाणे."

हे मात्र खरं होतं. झोपेतसुद्धा बडबडणारी चिमणी हल्ली विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हती. चौदाव्या वर्षी मुलं बदलतात, म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं.

बाई चारच्या सुमाराला पोचल्या. केंद्रप्रमुख, ज्यांना सगळे दादा म्हणत, दारातच उभे होते. पंचेचाळिशीचे, अंगकाठी बारीक, शर्टाला कडक इस्त्री, आवाज मऊ. त्यांनी बाईंची सही घेतली, गळ्यात पाहुण्यांचं कार्ड दिलं आणि टेबलाचा खण उघडला.

"फोन इथे ठेवा, मॅडम. मुलांचे फोटो निघू नयेत म्हणून. तुमचाच नियम आहे."

नियम होताच. बाईंनी फोन ठेवला.

भिंतीवर सुरक्षित वागणुकीचे बारा नियम फ्रेममध्ये लावलेले होते, काचेवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. औषधांची पेटी भरलेली, आग विझवायचं नळकांडं मुदतीतलं. अकरा वर्षांत बाईंनी असं नीटनेटकं केंद्र पाहिलं नव्हतं. मग त्यांनी अपघातांची वही उघडली. ती कोरी होती. त्या मागे मागे गेल्या, तरी कोरीच.

"दोन वर्षांत कुणाला साधं खरचटलंही नाही?"

"मुलं सांभाळून खेळतात," दादा म्हणाले.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पोरं खेळली की गुडघे फुटायचेच. चांगल्या केंद्रांच्या वह्या नेहमी भरलेल्या असत.

हॉलमध्ये चार टेबलं होती आणि चेंडूंची टकटक चालली होती. तेवढाच काय तो आवाज. कोणी हसत नव्हतं, कोणी गुणांवरून भांडत नव्हतं. बाकावर बसलेल्या मुलांचे हात मांडीवर होते. चिमणी दुसऱ्या टेबलावर होती. तिने मावशीकडे पाहिलं, बॅट खाली ठेवली आणि म्हणाली, "नमस्कार, मॅडम."

चिमणीच्या डाव्या करंगळीला पट्टी होती. शाळेच्या जिन्यावर पडली, असं ताईने रविवारी सांगितलं होतं.

"बोटाला काय झालं गं?"

चिमणीने आधी दादांकडे पाहिलं. "घरी दारात सापडलं."

हजेरीचा कागद घेऊन बाईंनी मुलं मोजायला सुरुवात केली. कागदावर तेवीस होती, हॉलमध्ये बावीस. त्यांनी पुन्हा मोजली.

"एक कमी आहे."

"बाथरूमला गेली असेल."

"थांबते मी."

त्या बाकावर बसल्या. दहा मिनिटं गेली. कोणी आलं नाही. मात्र टेबलाशी उभी असलेली मुलं एकेक करून मागच्या अरुंद बोळाकडे बघत आणि चटकन नजर काढून घेत. त्या बोळाच्या टोकाला सामानाची खोली होती. बाई उठल्या.

"ही उघडा."

"किल्ली वॉचमनकडे आहे. तो चहाला गेलाय."

"केंद्रातल्या प्रत्येक दाराची किल्ली केंद्रप्रमुखाकडे असायला हवी. आठवा नियम, बाहेरच्या फ्रेममध्ये आहे."

दादा किंचित हसले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली.

खोलीत दिवा नव्हता. रबरी चटयांच्या ढिगावर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसली होती. पाठ ताठ, तोंड भिंतीकडे. दार उघडलं तरी तिने मागे वळून पाहिलं नाही.

"दादा," ती हळूच म्हणाली, "अजून वेळ संपली नाहीये ना?"

बाईंनी मुलीला हाताला धरून बाहेर आणलं. हात बर्फासारखा गार होता.

केंद्राच्या कार्यालयात येऊन त्या फोनसाठी खण उघडू लागल्या, तेव्हा दादांनी खणावर तळवा ठेवला. आवाज तसाच मऊ होता.

"दुसऱ्या टेबलावरची तुमची भाची ना? तिच्या आईने कौतुकाने सांगितलं होतं, बहीण महापालिकेत आहे म्हणून. तुम्ही आलात तेव्हाच ओळखलं मी. साहेबांना माहीत आहे हे?"

बाईंनी खणाची मूठ सोडली नाही.

"मग अहवाल नीट विचार करून लिहा."

"हात काढा," बाई म्हणाल्या. दादांनी हात काढला, तोही सावकाश, उपकार केल्यासारखा.

बाईंनी साहेबांना फोन केला आणि शेवटचं मूल पालकांच्या ताब्यात जाईपर्यंत जागची हलल्या नाहीत. अहवालाच्या पहिल्याच ओळीत त्यांनी स्वतःची चूक लिहिली: माझी भाची या केंद्रात आहे, मी ते कळवलं नाही. लपवलं असतं तर दादांच्या हातात कोलीतच मिळालं असतं. लिहूनही व्हायचं ते झालंच. अहवाल बाजूला ठेवला गेला, बाईंना टेबलकामावर बसवलं आणि दुसरा तपासनीस पाठवला. त्याच्यासमोर बावीस मुलांनी मिठाची गुळणी धरली. चटयांवरच्या मुलीने सांगितलं, मला झोप आली होती म्हणून मीच आत गेले.

ताईने तर फोनवर झाडलंच. "एवढा चांगला माणूस! तुझ्यामुळे त्याला घरी बसवलंय. पालकांना तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस."

महिनाभर ती बोलली नाही. मग एका दुपारी ती बाईंच्या दारात उभी राहिली. चप्पल काढायचंही भान नव्हतं.

"काल चिमणीच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटलं," ती म्हणाली. "मी उघडलं, तर ही भिंतीकडे तोंड करून बसलेली. घामाने चिंब. मी हात लावला तर म्हणाली, मी ओरडले नाही, खरंच ओरडले नाही." ताई भिंतीला टेकली. "रात्री तिने सगळं सांगितलं. त्या सामानाच्या खोलीचं दार लावताना हिचं बोट फटीत होतं गं. ओरडली म्हणून त्याने वेळ वाढवली. आणि मी सगळ्यांना सांगत फिरत होते, पोरीला वळण लागलं म्हणून."

बाईंनी तिला पाणी दिलं. मग सांगायचं टाळत होत्या ते सांगून टाकलं. "चौकशीत काही निघालं नाही. सोमवारपासून त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर घेतलंय. तिथे लहान मुलं जास्त आहेत."

ताईने पेला खाली ठेवला. "चिमणी लिहून देईल. मी बसते तिच्याजवळ. पण एकटीचं ऐकतील का?"

"नाही ऐकणार."

दोघी तेव्हाच बाहेर पडल्या. ताईला बहुतेक पालकांची घरं माहीत होती. चटयांवरच्या मुलीचं घर सगळ्यात जवळ होतं, दुसऱ्या मजल्यावर. बेल वाजवल्यावर तिच्या वडिलांनी दार उघडलं. विषय निघताच त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"देवमाणूस होता तो," ते म्हणाले. "आमची कार्टी कुणाचं ऐकत नव्हती. आता बघा."

त्यांनी बाजूला होऊन आत बोट दाखवलं. मुलगी खुर्चीवर बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर. टीव्ही बंद होता, समोर पुस्तक नव्हतं. वडिलांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"आम्हाला पाच मिनिटं आत येऊ द्या," बाई म्हणाल्या.

वडील दारातच उभे राहिले. ताईने चौकटीवर हात टेकला आणि तो तिथेच ठेवून ती त्यांना आपल्या मुलीबद्दल सांगू लागली.